गेममधल्या बाईचे कपडे कोण ठरवतं?

आनेकल तालुका म्हणजे बेंगळुरूचं दक्षिण टोक. आनेकल गावात रेशमाचे माग, आणि होसूर रस्त्याला लागलं की बोम्मसंद्र, चंदापूर, अत्तिबेले अशी कारखान्यांची नि इमारतींची रांग. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीवरून थेट बोम्मसंद्रपर्यंत आली. या पट्ट्यात पुण्या-नागपूर-सोलापूरकडची मराठी घरं आता सहज सापडतात. गणपतीत आरती झाली की मोठी माणसं प्रसादाचे द्रोण हातात घेऊन गप्पा मारतात आणि मुलं कोपऱ्यात फोनवर गेम खेळतात. असंच एकदा एका आजींचं लक्ष त्यातल्या एका फोनकडे गेलं. "अरे, ही बाई बंदूक घेऊन लढायला निघालीय की पोहायला?" आजींनी विचारलं आणि गप्पांचा विषयच बदलला.

प्रश्न अगदी नेमका होता. त्यावर जमलेल्यांनी दिलेली उत्तरं मात्र बहुतेक चुकीची होती. ती उत्तरं अशा कुठल्याही बैठकीत ऐकू येतात, म्हणून जरा तपासून पाहू.

"हे सगळं तिकडचं. आपला काय संबंध?"

संबंध अगदी जवळचा आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये बेंगळुरूत 'ध्रुव इंटरॲक्टिव्ह' ही कंपनी सुरू केली आणि परदेशी गेमसाठी गाड्या, शस्त्रं, इमारती, पात्रं घडवण्याचं काम या शहरात रुजलं. २०१९ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वाल्या रॉकस्टारनं ती विकत घेतली. रॉकस्टारची स्वतःची कचेरी त्याआधीच बेंगळुरूत होती. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. म्हणजे आजींच्या शेजारच्या फ्लॅटमधला पोरगा हेच काम करत असू शकतो. फरक एवढाच, की पात्र कसं दिसावं हे सहसा तो ठरवत नाही. त्याच्याकडे चित्रांसकट सूचना येतात आणि तो त्याबरहुकूम काम करतो.

"कथेची गरज असते म्हणून तसं दाखवतात."

सिनेमावाल्यांकडून आपण हे वाक्य फार वर्षं ऐकत आलोय. गेममध्ये ते आणखी लंगडं पडतं, कारण गेममध्ये आपोआप काहीच घडत नाही. सिनेमात नटीचा पदर वाऱ्यानं उडाला असं तरी म्हणता येतं. गेममध्ये वारासुद्धा कुणीतरी बसून तयार केलेला असतो. पात्राचं शरीर घडवताना आधी त्रिमितीय पुतळा तयार होतो, मग तो हलावा म्हणून त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवतात, त्याला या धंद्यात 'रिग' म्हणतात. चालणं, पळणं, वाकणं यासाठी लागणारी हाडं ठरलेली असतात. छाती हिंदकळावी असं वाटत असेल तर त्यासाठी वेगळी हाडं घालावी लागतात, ती किती ताणली जावीत आणि किती वेळानं स्थिर व्हावीत याचे आकडे भरावे लागतात, मग तपासून पुन्हा बदलावे लागतात. हे काम कुणीतरी सांगतं, कुणीतरी करतं, कुणीतरी मंजूर करतं आणि त्याचे पैसे मोजले जातात. कॅमेऱ्याचंही तसंच. तो पात्राच्या खांद्यामागे ठेवायचा की कमरेच्या खाली, हाही निर्णयच.

२०१५ च्या 'मेटल गिअर सॉलिड ५' मधली क्वायट ही नेमबाज याचं उत्तम उदाहरण. रणांगणावर ती बिकिनी आणि फाटके मोजे एवढ्यावर वावरते. त्यावर टीका झाली तेव्हा दिग्दर्शक हिदेओ कोजिमांनी सांगितलं, की तिच्या उघड्या अंगाचं खरं कारण कळेल तेव्हा टीकाकारांनाच लाज वाटेल. कारण काय निघालं? ती त्वचेतून श्वास घेते, अंग झाकलं तर गुदमरेल! ठीक. पण कोजिमांच्याच २००४ च्या 'मेटल गिअर सॉलिड ३' मध्ये 'द एंड' नावाचा म्हातारा नेमबाज आहे. तोही झाडांसारखा सूर्यप्रकाशावर जगतो. त्याच्या अंगावर मात्र नीट कपडे आहेत. शिवाय क्वायटवर वाद चालू असतानाच कोजिमा बोलून गेले होते, की पात्रं जास्त मादक करायला त्यांनीच चित्रकाराला सांगितलं होतं, म्हणजे लोक त्यांचे पोशाख करतील आणि पुतळ्या खपतील. कथा नंतर शिवली गेली, माप आधीच घेतलेलं होतं.

या गोष्टीला मोठा इतिहास आहे. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखतातला योद्धा शेवटी बाई निघते, हा त्या काळी मोठा धक्का होता. पण गेम जितक्या लवकर संपवाल तितके तिचे कपडे कमी: पाच तासांच्या आत संपवला तर फक्त शिरस्त्राण उतरतं, एका तासाच्या आत संपवला तर ती बिकिनीत दिसते. खेळणाऱ्याला बक्षीस म्हणून बाईचं शरीर द्यायचं, हा हिशेब चाळीस वर्षांपूर्वीचा आहे.

"बाई मुख्य भूमिकेत असली की गेम चालत नाही. कंपन्या तरी काय करणार?"

हा गैरसमज सामान्य माणसांचा नाही, तो खुद्द कंपन्यांच्या वरच्या मजल्यावर पोसला गेला. युबिसॉफ्टचंच पाहा. 'असॅसिन्स क्रीड' या मालिकेत २०१५ च्या गेममध्ये जेकब आणि ईव्ही ही भावंडं बरोबरीनं असणार होती. शेवटी जेकबच जास्त दिसला. २०१७ च्या गेममध्ये आया या इजिप्शियन बाईकडे बरंच कथानक जायचं होतं. तिची भूमिका कापली गेली. २०१८ मध्ये कसांड्रा ही एकटीच नायिका असावी असं गेम घडवणाऱ्यांच्या मनात होतं. तिच्या जोडीला अलेक्सिओस आणावा लागला. बायका विकल्या जात नाहीत, हे मार्केटिंग विभागाचं आणि सर्जनशील प्रमुख सर्ज आस्कोएत यांचं म्हणणं होतं, असं 'ब्लूमबर्ग'नं जुलै २०२० मध्ये छापलं. कंपनीतल्या छळाच्या तक्रारी त्याआधीच बाहेर आल्या होत्या आणि त्याच महिन्यात आस्कोएत यांना जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयानं त्यांना दोषी ठरवून स्थगित तुरुंगवासाची शिक्षा दिली. पडद्यावरच्या बायकांबद्दलची मतं आणि ऑफिसातल्या बायकांशी वागणं एकाच मजल्यावरून येत होतं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

याच कंपनीनं २०१४ मध्ये असंही सांगितलं होतं, की खेळता येण्याजोगी स्त्री पात्रं घातली तर ॲनिमेशनचं काम दुप्पट होईल. कुणी तर आठ हजार हालचाली नव्यानं कराव्या लागतील असा आकडा दिला. त्यावर जोनाथन कूपर यांनी, ज्यांनी याच मालिकेत ॲनिमेशनचं काम केलं होतं, जाहीरपणे अंदाज दिला: एक-दोन दिवसांचं काम. आमच्याकडे मंडपवाल्यानं सांगितलेला आकडा आणि शेवटी ठरलेला आकडा यांत एवढी तफावत पडली असती, तर मंडळानं मंडपवालाच बदलला असता.

खपाचं म्हणाल तर लारा क्रॉफ्टच साक्षीला आहे. १९९६ च्या 'टूम रेडर'मध्ये तिची छाती आणि आखूड चड्डी हाच जाहिरातीचा मजकूर झाला. २०१३ मध्ये मालिका नव्यानं सुरू झाली तेव्हा लाराला माणसासारखं शरीर आणि साधी पँट मिळाली. कथा लिहिली ऱ्हिआना प्रॅचेट या बाईनं. त्या मालिकेतला सर्वांत जास्त खपलेला गेम तोच, २०२१ पर्यंत सुमारे १ कोटी ४५ लाख प्रती.

आणि आपल्याकडे पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' आहे. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी ऑगस्ट २०२० मध्ये गेम बाजारात आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी पोर, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली. हातात दुर्गेनं दिलेला त्रिशूळ. ती खांबावरून गिरक्या घेते, भिंतीवरून पळते, आणि कॅमेरा बराच दूर, उंचावर असतो. ती कुठे उडी मारणार हे दिसावं म्हणून तो तिथे ठेवलाय. श्रुती घोष या त्या स्टुडिओच्या सहसंस्थापक आणि कलादिग्दर्शक. याचा अर्थ बाई असली की चित्रण आपोआप सुधारतं असा काढू नका. २००९ च्या 'बेयोनेटा'ची केसांचाच पोशाख करणारी आणि लढताना तो उतरवणारी नायिका मारी शिमाझाकी या बाईनंच रेखाटली आहे.

"पुरुषही अवास्तवच असतात की! आणि आपल्या देवळांत काय कमी आहे?"

बैठकीत हा मुद्दा निघाला की सगळे गप्प होतात, म्हणून जरा थांबून बघू. 'गॉड ऑफ वॉर'मधला क्रेटोस उघडाबंब आणि दगडासारखा असतो, खरं. पण त्याचे स्नायू कुणाला झोडपण्यासाठी आहेत. तो खेळणाऱ्याला 'मी असा असतो तर' वाटायला लावतो. तो हिशेब बाईच्या बाबतीत लावला की काय होतं, ते २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस २' मध्ये दिसलं. त्यातली ॲबी दंडाखांद्यांनी भरलेली, कामाच्या कपड्यातली बाई. "बाईचं शरीर असं असूच शकत नाही" म्हणून किती आरडाओरडा झाला! तिचं शरीर कोलीन फॉच या खऱ्याखुऱ्या क्रॉसफिट खेळाडूवरून घेतलं होतं. तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बिकिनीत लढणारी बाई पटते आणि व्यायाम केलेली बाई पटत नाही, तेव्हा तक्रार अवास्तवपणाची नसते हे उघड आहे.

देवळांबद्दल. होयसळ राजा विष्णुवर्धनानं १११७ मध्ये उभारायला घेतलेल्या बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात ४२ मदनिकांची शिल्पं आहेत. आनेकलहून शनिवार-रविवारी गाडी काढून लोक बघायला जातात. भरलेल्या देहाच्या आहेतच त्या. पण त्यात आरशात बघणारी आहे तशी शिकारीण आहे, नाचणारी आहे, वाजवणारी आहे, आणि त्या छताखालच्या तिरक्या आधारांवरून खाली बघतात. बघणाऱ्यानं मान वर करायची. तिला फिरवून, झूम करून, कपडे बदलून बघायची सोय शिल्पकारानं ठेवलेली नाही. गेममध्ये तीच सोय विकली जाते. 'नवी स्किन (पात्राचा नवा पोशाख) आली' म्हणून मुलं बापाचं कार्ड मागतात ती हीच. उघडं अंग हा मुद्दाच नाही, ते कुणाच्या ताब्यात दिलंय हा मुद्दा आहे. २०१२ मध्ये 'स्माइट' या अमेरिकी गेममधल्या कालीच्या अश्लील रूपावर अमेरिकेतले हिंदू नेते राजन झेद यांनी आक्षेप घेतला, तेव्हा चर्चा लगेच धार्मिक भावनांकडे वळली. त्याच गेममधल्या ग्रीक देवींना कमी कपड्यांत उभं केल्याबद्दल मात्र आपल्याकडे कुणी अवाक्षर काढलं नाही.

"असे गेम खेळून पोरं बिघडतात."

हे जितकं ठामपणे म्हटलं जातं तितकं सिद्ध झालेलं नाही. जर्मनीत ८२४ जणांना तीन वर्षं पाहिलं, २०१५ मध्ये निष्कर्ष आले: गेम खेळणं आणि बायकांबद्दलची मागास मतं यांचा संबंध आढळला नाही. क्रिस्टोफर फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांनाही ठोस पुरावा मिळाला नाही. उलट बाजूला २०१३ चा एक प्रयोग आहे: आभासी जगात मादक पोशाखातलं रूप वापरायला दिलेल्या बायका स्वतःच्या शरीराबद्दल जास्त विचार करू लागल्या. म्हणजे परिणाम असलाच, तर तो शोधायची जागा मुलगा नसून मुलगी असू शकते. आपल्या बैठकीत तिचं नावही निघालं नव्हतं.

आणि हे सगळं वाढतच चाललंय, असंही नाही. १९८३ ते २०१४ मधल्या ५७१ खेळता येण्याजोग्या स्त्री पात्रांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नव्वदच्या दशकात कळस आणि २००६ नंतर उतार दिसला. एक गोष्ट मात्र आईबापांनी लक्षात ठेवावी: अमेरिकेत १३ वर्षांवरच्यांसाठी म्हणून विकले जाणारे गेम आणि १७ वर्षांवरच्यांचे गेम यांत या बाबतीत फरक आढळला नाही.

"आपल्याकडे सरकार तपासत असेलच ना?"

नाही. सेन्सॉर बोर्ड सिनेमे बघतं, गेम नाही. २०२० मध्ये पबजी बंद झाला तो सुरक्षेच्या आणि माहितीच्या कारणावरून. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमबद्दल आहे. स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ चा, म्हणजे फोनवरच्या गेमच्या कितीतरी आधीचा. गंमत अशी, की नोव्हेंबर २०२० मध्ये पबजीच्या भारतीय आवृत्तीची घोषणा झाली तेव्हा कंपनीनं स्वतःहून सांगितलं: नवी पात्रं सुरुवातीपासून कपड्यांत असतील आणि रक्ताऐवजी हिरवा रंग उडेल. कुणी न सांगता इतकं करता येतं, हे त्यातून कळलं.

प्ले स्टोअरवर दिसणारं ३+, १२+, १६+ हे वर्गीकरण गेम बनवणाऱ्यानं भरलेल्या प्रश्नावलीवरून येतं. ते गेमचं असतं. फळं जुळवायच्या निरागस गेममध्ये मधेच येणाऱ्या दुसऱ्याच गेमच्या जाहिरातीत फाटक्या कपड्यांत कुडकुडणारी बाई 'वाचवायला' सांगतात, त्याचा अंदाज त्या आकड्यावरून येत नाही. माझ्या मते लहान मुलांपर्यंत हे चित्रण पोहोचतं ते मुख्यतः याच वाटेनं. ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेनं २०२५ मध्ये अशा काही जाहिराती बंद करायला लावल्या. आपल्याकडे मुंबईची 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया' १९८५ पासून आहे आणि जून २०२२ मध्ये तिनं स्त्री-पुरुषांच्या घातक साचेबंद चित्रणाबद्दल नियमावलीही काढली आहे. ही उद्योगानंच उभी केलेली संस्था आहे, तिच्या हातात तुरुंग नाही. पण तक्रार तिच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट करता येते. पुढच्या वेळी नातवाच्या फोनवर अशी जाहिरात दिसली, तर फोन हिसकावण्याआधी तिचा स्क्रीनशॉट काढा, जाहिरात कुठल्या गेमची आणि कुठल्या गेममध्ये दिसली ते लिहा, आणि पाठवून द्या.