पहिल्या अस्वलाआधी

विल्यम फॉकनरच्या ‘द बेअर’ (१९४२) या कथेतला पोरसवदा आयझॅक मिसिसिपीच्या जंगलात ओल्ड बेन नावाचे अस्वल पहिल्यांदा पाहतो, तेव्हा त्याच्या हाती बंदूक नसते. सॅम फादर्सच्या सांगण्यावरून ती त्याने मागे ठेवलेली असते. पुढे घड्याळ आणि होकायंत्रही तो झुडपाला अडकवून जातो. समीक्षकांनी याचे आध्यात्मिक अर्थ लावले आहेत. उत्तर अमेरिकेतील शिकारी-प्रशिक्षणाची पुस्तके चाळताना मला मात्र त्यात रोखठोक व्यवहारही दिसू लागला. पहिल्या अस्वलाची निम्मी तयारी गोळी न झाडण्याचीच असते.

न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये तरुण शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले. मेन राज्यात सोळा वर्षांखालील मुलासोबत प्रौढ माणूस लागतोच. मुलाला मारायला शिकवावे का, याबद्दल माझे मन साशंक आहे. पण शिकवायचेच, तर अर्धवट शिकवणे हा जनावरावरही अन्याय आहे.

आधी पाहायला शिकायचे. काळ्या अस्वलाचे कान डोक्याच्या मानाने मोठे वाटले तर जनावर लहान. कान बारीक आणि दूरदूर दिसले तर मोठे. एकटे दिसणारे अस्वल एकटेच असते असे नाही. मादी पुढे येते आणि पिल्ले मागे झाडावर चढून बसलेली असतात. पिल्लांसोबतची मादी मारायला अनेक ठिकाणी बंदी आहे. म्हणून थांबायचे, आजूबाजूची झाडे न्याहाळायची.

मग नेम. लांब केसांमुळे पोटाखालची कडा फसवी असते. जनावर आडवे उभे असावे किंवा किंचित पाठमोरे, आपल्याकडचा पुढचा पाय पुढे टाकलेला. मग खांद्यामागे फुप्फुसांचा वेध घेता येतो. समोरून रोखून पाहणाऱ्या अस्वलावर गोळी नाही. जखम चरबीने बुजते, रक्त केसांत मुरते, जमिनीवर माग उरत नाही. आणि अंधारात, दाट झाडीत जखमी अस्वल शोधायची पाळी येते.

आईबाप अस्वलाला भितात, पण शिकारीतल्या दुखापतींचे एक मोठे कारण आहे मचाणावरून पडणे! जमिनीवरून पाय उचलण्याआधी सुरक्षापट्टा बांधायचा आणि खाली उतरेपर्यंत सोडायचा नाही. रिकामी बंदूक दोरीने वर ओढायची, नळी जमिनीकडे ठेवून.

गोळीनंतर लगेच उतरायचे नाही. मरताना अस्वल कधीकधी दीर्घ विव्हळते. चांगला शिक्षक मुलाला हे आधीच सांगून ठेवतो, कारण तो आवाज माणसासारखा वाटू शकतो. प्रौढाने पुढे, मागच्या बाजूने जवळ जायचे, दुसरी गोळी तयार ठेवून; लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून खात्री करायची. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस तापेल असे शिजवायचे. ट्रायकिनेला या कृमीच्या काही उत्तरेकडील जाती गोठवूनही मरत नाहीत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला संरक्षण दिले आहे, तेव्हा मेळघाटच्या वाचकाला ही विद्या वाचण्यापुरतीच.

मेनमध्ये नोंदणीच्या वेळी अस्वलाचा एक दात द्यावा लागतो. झाडाच्या खोडासारखी त्याच्या मुळाच्या छेदातही वर्षांची वलये दिसतात. ती मोजली जातात आणि वय ठरते. अस्वल आपल्याहून वयाने मोठे होते, असेही एखाद्या मुलाला तेव्हा कळू शकते.