खिसा त्याचा, पदराची गाठ तिची

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो विकून पिकअप अंधार पडल्यावर वस्तीवर येते. रिकामे क्रेट उतरवता उतरवता घरातून पहिला प्रश्न येतो, "काय भाव निघाला?" आणि पहिलं उत्तर जातं, "निघाला बरा." संपलं! पट्टी खिशातच राहते. आडत, हमाली, गाडीभाडं वजा जाऊन हातात किती पडलं, त्यातून औषधाच्या दुकानदाराला किती दिलं, हे घरात कळत नाही. घरधनीण तरी कुठं सगळं सांगते? बचत गटात किती साठलं, भिशी कधी लागली, डाळीच्या डब्यात काय आहे, हे तीही बोलत नाही. एका चुलीवर जेवणाऱ्या दोघांचे दोन हिशेब. जुन्नर-आंबेगावात असं घर शोधायला फार लांब जावं लागणार नाही. वाचता वाचता तुम्हाला आपलंच आठवलं, तर रागावू नका.

यात खोटेपणा कुणाचाच नाही. पैसा दोघांच्या हातात दोन तऱ्हांनी येतो, म्हणून दोघं त्याच्याकडे दोन तऱ्हांनी बघतात. पुरुषाच्या हातात येतो तो ढिगानं. कांद्याची पट्टी आळेफाट्याहून किंवा मंचरहून येते, उसाचा हप्ता 'विघ्नहर'कडून किंवा 'भीमाशंकर'कडून येतो. आला की त्याला वाटा फुटलेल्याच असतात. सोसायटी, खत, पाइपलाइन, ट्रॅक्टरचा हप्ता. त्याच्या लेखी पैसा म्हणजे बियाणं; मातीत गेला तरच वाढणार. बाईच्या हातात येतो तो चिमटीचिमटीनं. अंडी, भाजीची जुडी, दुसऱ्याच्या रानातली खुरपणी. तिच्या लेखी पैसा म्हणजे माठातलं पाणी, उन्हाळाभर पुरवायचं. पोराची फी, दवाखाना, माहेरचं लग्न, सणाचा गूळ, हे सगळं तिलाच दिसतं, कारण मागणारे तिच्याकडेच येतात.

टोमॅटोनं हा फरक चव्हाट्यावर आणला. रोपं, मल्चिंग, बांबू, तार, सुतळी, फवारणी आणि मजुरी धरली, तर एकरी लाखाच्या पुढे भांडवल पहिला क्रेट भरायच्या आधीच जातं. २०२३ चं साल आठवा. मे महिन्यात तोडणीची मजुरी निघेना म्हणून कितीकांनी माल बांधावर टाकला, प्लॉट उपटले. जुलैत त्याच नारायणगावात वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला. ज्यांनी बाग राखली त्यांचं सोनं झालं, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढच्या दोन महिन्यांत भाव पुन्हा जमिनीवर. आता सांगा, मे महिन्यात "बास करा, आणखी उधारी नको" म्हणणारी बायको चुकली, की "आणखी दोन फवारण्या मारू" म्हणणारा नवरा बरोबर? जुलैत तो शहाणा ठरला. भाव आला नसता तर तीच शहाणी ठरली असती. बाजार कुणाचा न्याय करत नाही. पण "मी तवाच म्हणले होते" आणि "तुझं ऐकलं असतं तर बुडालो असतो" ही दोन वाक्यं त्या वर्षी किती घरांत घुमली असतील, देव जाणे.

खरी कसोटी लागते ती डागांवर. भांडवल कमी पडलं की नजर कपाटातल्या गंठणाकडे जाते. नवरा म्हणतो, "सोनं पडून काय कामाचं? माल निघाला की सोडवून आणतो." त्याच्या मनात तो साधा व्यवहार असतो. तिच्या मनात मात्र ते आईबापांनी दिलेलं, उद्या काही बरंवाईट झालं तर हाताशी राहील असं एकमेव असतं. स्त्रीधनाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलं आहे की त्यावर मालकी फक्त बाईची. अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. कोर्टात जायची वेळ कुणावर न येवो. पण तारण ठेवताना पावती कुणाच्या नावची, सोडवायची तारीख कोणती, हे दोघांनी बसून ठरवायला काय हरकत आहे? पावती तिच्याच डब्यात राहू द्या.

उलटंही असतं बरं का. भाव बघून कांदा राखायचा सल्ला देणाऱ्या, गटातून कर्ज काढून गाय घेणाऱ्या बाया आहेत; आणि रुपया सुटू नये म्हणून मूठ आवळून बसलेले कारभारीही आहेत. बैलगाडा शर्यतीचा बैल हा तर वेगळाच अध्याय. २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयानं शर्यतींना कायमची वाट दिली, घाट मात्र त्याआधीच पुन्हा गाजू लागले होते. बैलाच्या खुराकाला पैसे असतात, घराच्या पत्र्याला नसतात, ही तक्रार आम्ही पुष्कळ ओट्यांवर ऐकली आहे. बारी जिंकून आलेल्या माणसाला ती ऐकू येत नाही, हा भाग निराळा.

दुधाचं बघा. धारा, वैरण, शेण, सगळं बहुतेक घरांत बाईच्या अंगावर. डेअरीत नाव मात्र नवऱ्याचं, म्हणून दुधाचा पगार त्याच्या खात्यावर. मग किराण्याला पैसे मागायची वेळ तिच्यावर येते. ज्यानं कमावलं त्यानंच हात पसरायचा! यातूनच डाळीच्या डब्यातली चोरटी साठवण सुरू होते. तिला लबाडी म्हणू नका. उघड ठेवलेला पैसा हक्काचा राहत नाही, हे अनुभवानं शिकवलेलं असतं.

या साठवणीला उजेडात आणलं ते बचत गटांनी. नाबार्डनं १९९२ मध्ये गट बँकेशी जोडायची योजना सुरू केली. शेजारच्या खेड तालुक्यात चैतन्य संस्थेनं १९९३ पासून बायांचे गट बांधले, पुढं त्यांचे संघ झाले. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये पात्र बायांच्या स्वतःच्या खात्यात पडू लागले, तेव्हा कितीक जणींनी पहिल्यांदा पासबुक स्वतः भरून आणलं. रक्कम लहान, पण "तुझं आलं का?" असं नवऱ्यानं विचारायची ती पहिलीच वेळ.

शेतकरी संघटनेनं हा प्रश्न मुळापासून धरला होता. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढं शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, की नवऱ्यानं आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावे करावी. शंभर घरांनी असं केलं की त्या गावी जोशी स्वतः जात. उपकार म्हणून नव्हे, देणं फेडायचं म्हणून, ही त्यातली खरी गोम.

तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि सोसायटीचे सचिव यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बाईला पीककर्ज नाही. आणि नवऱ्यानं काढलेलं कर्ज तिला कळतं कधी? आम्ही पाहिलं आहे: दहाव्याच्या दिवशी. माणूस गेल्यावर पतसंस्थेचा माणूस येतो, औषधाचा दुकानदार वही आणतो, कुणी हातउसन्याची चिठ्ठी दाखवतो. खरं किती, खोटं किती, तिनं ठरवायचं कशावरून? म्हणून कर्जाच्या कागदावर सही घेताना घरातल्या बाईला समोर बसवा, रक्कम नि व्याज तिला मराठीत वाचून दाखवा. नवरा अर्ज घेऊन आला, तर सहहिस्सेदार म्हणून तिचं नाव लावायला टाळाटाळ करू नका. महिला ग्रामसभेत हा विषय घ्या. नुसत्या सह्या घेऊन ती उरकू नका.

आणि तुम्ही, कारभारी? बिनव्याजी पीककर्जाचा फायदा वेळेत भरणाऱ्यालाच मिळतो, त्यामुळं मार्चअखेर नवं-जुनं करायला तुम्हाला कागद काढावेच लागतील. त्याच दिवशी सगळी देणी एका वहीत लिहा, उसनवारीसकट. कारभारणीनंही गटाचं पासबुक पुढं ठेवावं. पहिल्या रात्री भांडण होईल, ते होऊ द्या. डाळीच्या डब्याबद्दल मात्र विचारू नका, तेवढं तिच्याकडं राहू द्या.