मेंदूशी ओळख (लेखांक ४) : कांद्याची झोंब मेंदूला कळते कशी?

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की गोण्यांच्या थप्प्या लागतात. अख्ख्या कांद्याच्या त्या ढिगापाशी बसून निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांना काही धार लागत नाही. घरी मात्र एकच कांदा विळीवर धरला, की डोळे चुरचुरतात. मागच्या लेखांकात चेतापेशीचे भाग पाहिले. ती निरोप पाठवते कशी, हे या चुरचुरण्यातून छान कळतं.

अख्ख्या कांद्यात गंधकाची संयुगं आणि विकरं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी चिरल्या की ती एकत्र येतात आणि झोंबणारा वायू तयार होतो. त्यातली शेवटची पायरी घडवणारं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली शोधलं. हा वायू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला भिडतो. तिथे चेतातंतूंची टोकं दाटीवाटीनं असतात. ती चाळवली, की निरोप मेंदूच्या तळाशी जातो आणि अश्रुग्रंथींना हुकूम सुटतो.

आता खरा प्रश्न. हा निरोप म्हणजे नेमकं काय? इंटरनेटवरच्या कितीतरी व्हिडिओंत तंतूतून एक चमकता ठिपका धावताना दाखवतात, जणू तारेतून वीज चाललीय. ते चित्र दिसायला सुंदर असलं तरी दिशाभूल करतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत संकेतस्थळावरचं ‘न्यूरॉन’ हे सिम्युलेशन उघडा. मोबाइलवरही चालतं.

पडद्यावर तंतूचा आडवा छेद दिसतो. बाहेर सोडियमचे आयन जास्त, आत पोटॅशियमचे. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. उत्तेजनाचं बटण दाबा आणि वेग कमी करा. पेशीपटलातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, विद्युतदाबाचा आलेख शून्याच्या वर उसळतो. मग पोटॅशियम बाहेर पडतो आणि आलेख खाली येतो. प्रत्यक्षात हे सगळं साधारण एका मिलिसेकंदात उरकतं. नीट पाहा: आयन तंतूच्या लांबीनं धावत नाहीत, पटलातून आत-बाहेर होतात. एका जागची उसळी शेजारची दारं उघडते, तिथे नवी उसळी येते, आणि निरोप असा पुढे सरकतो. म्हणूनच तो विजेच्या मानानं फार सावकाश जातो. वेदनेच्या सर्वांत बारीक तंतूंत त्याचा वेग सेकंदाला जेमतेम एखादा मीटर असतो.

बटण कितीही वेळा दाबा, उसळीची उंची तीच राहते. एक उसळी चालू असताना दुसरी उठतही नाही. मग कांदा कमी झोंबतोय की जास्त, हे मेंदूला कळतं कसं? इंग्लंडच्या एडगर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात याचा उलगडा केला: उत्तेजन वाढलं की उसळ्या मोठ्या होत नाहीत, त्या अधिक वेगानं एकामागून एक येतात. या कामासाठी त्यांना १९३२ सालचं नोबेल मिळालं. चार्ल्स शेरिंग्टन त्यात सहमानकरी होते.

एका चेतापेशीची उसळी दुसरीपर्यंत पोचते कशी, ते पुढच्या आठवड्यात. दोघींच्या मध्ये फट असते, आणि बहुतेक ठिकाणी ही उसळी ती फट ओलांडू शकत नाही.