भावनांमागचा विचार

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे मूळ सूत्र असे की, केवळ घटनेमुळे नव्हे, तर तिच्याविषयीच्या धारणेमुळे भावनेचे स्वरूप ठरते. ‘यश मिळालेच पाहिजे’ या हट्टाग्रहामुळे, म्हणजेच अविवेकी धारणेमुळे, नापास झालेला विद्यार्थी खचतो. ‘यश मिळावे, पण ते न मिळाल्याने सारे संपत नाही’ अशी विवेकी धारणा असल्यास त्याला दुःख होते, तरी पुन्हा अभ्यासाला बसण्याचे बळ उरते. म्हणून धारणेला पुरावा कोणता, ती तर्काला धरून आहे का आणि तिचा उपयोग काय, असे प्रश्न उपचारक विचारतो व गृहपाठ देतो. या सरावाने भावना दडपली न जाता सुसह्य होते.