गिटार विवर्धक, नलिकायुक्त

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत मोठा करून त्याचे ध्वनीत रूपांतर करणारे उपकरण. विवर्धक व ध्वनिक्षेपक एकाच लाकडी पेटीत बसविलेले असल्यास त्यास ‘काँबो’ किंवा संयुक्त विवर्धक म्हणतात. ज्यात विवर्धनासाठी ट्रँझिस्टरऐवजी निर्वात नलिका (व्हॉल्व्ह) वापरतात, तो नलिकायुक्त विवर्धक होय.

रेडिओ व इतर घरगुती उपकरणांतून निर्वात नलिका मागे पडल्या, तरी गिटार विवर्धकात त्या टिकून राहिल्या. क्षमतेबाहेर वाढलेल्या संकेताचे शिखर नलिकायुक्त मंडल एकदम न छाटता बहुधा हळूहळू दाबते. त्यामुळे मूळ कंप्रतेच्या पटीतील नवे उपस्वर मिसळतात आणि आवाजास भरीव, किंचित खरखरीत छटा येते. इतर ध्वनियंत्रांत असे विरूपण दोष मानले जाते. येथे ते वाद्याच्या स्वराचाच भाग होय. म्हणून विवर्धकाची निवड ही एका अर्थी वाद्याचीच निवड ठरते.

दोन प्रमुख नमुने : या निवडीतील प्रश्न दोन प्रसिद्ध नमुन्यांच्या तुलनेने स्पष्ट होतात. अमेरिकेतील फेंडर कंपनीने 1963 मध्ये ‘डीलक्स रिव्हर्ब’ हा विवर्धक आणला. त्याचे प्रदान सु. 22 वॉट असून त्यात 6व्ही6 प्रकारच्या दोन प्रदान-नलिका व सु. 30 सेंमी. व्यासाचा एक ध्वनिक्षेपक असतो. ब्रिटनमध्ये टॉम जेनिंग्झ यांच्या डार्टफर्ड येथील कंपनीसाठी डिक डेनी यांनी ‘व्हॉक्स एसी15’ (1958) व त्यानंतर ‘एसी30’ यांचा अभिकल्प केला. एसी30 च्या रूढ झालेल्या रूपात ईएल84 प्रकारच्या चार नलिका व सु. 30 सेंमी. व्यासाचे दोन ध्वनिक्षेपक असून प्रदान सु. 30 वॉट असते. शॅडोज व बीटल्स या वादकसमूहांमुळे त्यास ख्याती लाभली. दोन्ही नमुने सुधारित स्वरूपात आजही तयार होतात.

रचनाभेद : डीलक्स रिव्हर्बमध्ये प्रदानाचा काही अंश उलट कलेत मागील टप्प्यास परत देतात. या ऋण प्रतिसंभरणामुळे विरूपण कमी होते. आवाज बराच वाढवीपर्यंत स्वर स्वच्छ राहतो आणि नंतर तो झपाट्याने खरखरीत होतो. एसी30 मध्ये असे प्रतिसंभरण नसते. त्यामुळे विरूपण लवकर सुरू होऊन क्रमाक्रमाने वाढते आणि बोटांच्या आघातातील लहान फरकही स्वरात उमटतात. पहिल्याचा मध्यपट्टा काहीसा दबलेला, तर दुसऱ्याचा उठावदार व चमकदार असतो. डीलक्स रिव्हर्बमध्ये स्प्रिंगांच्या साहाय्याने कृत्रिम निनाद निर्माण करण्याची सोय मुळातच आहे. एसी30 च्या आरंभीच्या नमुन्यांत ती नव्हती.

निवडीचे निकष : केवळ वॉटचा आकडा पाहून निवड करणे फसवे ठरते. आवाज कानास दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सु. दहापट वाढवावी लागते. 22 व 30 वॉटमधील फरक अवघा सु. 1.3 डेसिबल भरतो. प्रत्यक्षात एसी30 अधिक मोठा वाटतो, याचे श्रेय बहुतांशी त्याच्या दोन कार्यक्षम ध्वनिक्षेपकांकडे जाते. निर्णायक प्रश्न असा की, वादकास हवा असलेला स्वर कोणत्या प्रबलतेला मिळतो आणि ती प्रबलता त्याच्या जागेत सोसवते का. निवासी खोलीत दोन्ही विवर्धक पूर्ण क्षमतेने वाजविता येत नाहीत. मंद आवाजात स्वच्छ स्वर व निनाद हवा असेल, तर डीलक्स रिव्हर्ब सोयीचा पडतो. ढोलवादनाच्या साथीत, मोठ्या दालनात तारांचे झणत्कार स्पष्ट उठून यावयाचे असल्यास एसी30 उजवा ठरतो. नेण्याआणण्याचाही विचार करावा. डीलक्स रिव्हर्बचे वजन सु. 19 किग्रॅ., तर दोन ध्वनिक्षेपकांच्या एसी30 चे 30 किग्रॅ. हून अधिक भरते. परीक्षा स्वतःच्याच गिटारवर आणि नेहमीच्या प्रबलतेला करणे इष्ट होय.

देखभाल व सुरक्षितता : एसी30 मधील चार प्रदान-नलिका बरीच उष्णता निर्माण करतात व त्या बदलण्याचा खर्चही अधिक येतो. मात्र त्यांचा अभिनती दाब आपोआप साधला जातो. डीलक्स रिव्हर्बमध्ये नलिका बदलल्यावर तो जाणकाराकडून जुळवून घ्यावा लागतो. दोहोंतही ध्वनिक्षेपक जोडल्याशिवाय विवर्धक चालविल्यास प्रदान-रोहित्र निकामी होण्याचा धोका असतो. अमेरिकेतील 120 व्होल्टचा विवर्धक भारतातील 230 व्होल्टच्या पुरवठ्यास थेट जोडू नये. पुरेशा क्षमतेचे दाब उतरविणारे रोहित्र वापरावे व विवर्धकाचे स्वतःचे रोहित्र 50 हर्ट्‌झला योग्य आहे की नाही, हेही पाहावे. आतील मंडलात 300 व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वीजपुरवठा तोडल्यावरही तो धारित्रांत काही काळ टिकून राहतो. हा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पेटी उघडण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.