विश्लेषण : कारखान्यातील सुरक्षा कार्यक्रम, खर्च की बचत? सोलापूरच्या टॉवेल उद्योगाला हा प्रश्न का टाळता येणार नाही?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ रोजी पहाटे टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर चौकशी, मदत आणि तपासणीची चर्चा होते आणि काही दिवसांत यंत्रमाग पुन्हा पूर्वीसारखे धडधडू लागतात. ‘सुरक्षा कार्यक्रम’ हा शब्द मात्र मोठ्या कंपन्यांच्या फलकांवरच राहतो. दहा-पंधरा कामगारांच्या शेडमध्ये त्याचा नेमका अर्थ काय आणि त्यातून मिळते काय?

नेमके काय घडले होते?

रविवार होता, वेळ पावणेचारच्या सुमारास. सेंट्रल टेक्स्टाइल मिल्स या कारखान्याच्या आवारातच मालकाचे कुटुंब आणि काही कामगार राहत होते. सगळे झोपेत असताना आग भडकली. मृतांमध्ये स्वतः मालक, त्यांच्या कुटुंबातील माणसे, एक लहान बाळ आणि कामगार होते. आग आटोक्यात आणायला अग्निशमन दलाला पाच-सहा तास झुंजावे लागले. शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज त्या वेळी व्यक्त झाला. मृतांच्या वारसांना केंद्राने प्रत्येकी २ लाख आणि राज्य सरकारने ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली.

या घटनेतील एक गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. सुरक्षा म्हणजे मालकाने कामगारांसाठी करायचा खर्च, असे मानले जाते. इथे मालक आणि कामगार एकाच छताखाली झोपले होते.

टॉवेल कारखान्यात आग इतक्या झपाट्याने का पसरते?

टेरी टॉवेलला दोन प्रकारचा उभा धागा लागतो. एक कापडाच्या पायासाठी, दुसरा वरच्या मऊ फासांसाठी. विणताना या धाग्यांतून बारीक तंतू सुटतात. ते हवेत तरंगतात आणि मागावर, पंख्यावर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, केबलवर आणि स्विचबोर्डच्या आत जाऊन बसतात. कापसाचा गठ्ठा हळू जळतो. मोकळ्या तंतूंच्या थराला मात्र चारही बाजूंनी हवा मिळते, त्यामुळे ठिणगी पडली की ज्वाळा त्या थरावरून पळत सुटते.

ठिणगी येते कुठून? बहुतेकांना वाटते, एमसीबी बसवला की झाले. एमसीबी काम करतो तो मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागल्यावर. जोडणीचा स्क्रू सैल झाला असेल तर प्रवाह नेहमीइतकाच राहतो, पण त्या एका बिंदूवर उष्णता साचत जाते. मागाच्या सततच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतातच. जुन्या वायरिंगवर दोन माग वाढवले, की केबलही तापू लागते. वर तंतूंचे पांघरूण असतेच. एमसीबीला यातले काही कळत नाही. गळती प्रवाह ओळखणारा आरसीसीबी वेगळा बसवावा लागतो आणि सैल जोडणी शोधायला शेवटी माणसालाच पॅनेल उघडून पाहावे लागते, अर्थात वीज बंद करून.

आगीत माणसे बहुतेक वेळा ज्वाळांआधी धुराने दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानेही जाग येईलच असे नाही. म्हणून कारखान्याला लागून झोपण्याची जागा असेल तर दोन गोष्टींशिवाय गत्यंतर नाही : धूर ओळखून भोंगा वाजवणारे यंत्र आणि शेडमधून न जाता थेट बाहेर पडता येणारी दुसरी वाट. त्याहून चांगला उपाय म्हणजे मुक्कामच वेगळ्या इमारतीत हलवणे.

प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षा कार्यक्रम का?

नाही, आणि याचा सर्वात कटू दाखला कराचीचा आहे. तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ रोजी लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. त्याच कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधी ‘एसए ८०००’ हे आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले होते.

कार्यक्रम म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाने करायची कामे. तंतू कोण आणि कधी झाडणार? पॅनेल कोण उघडून पाहणार? रात्रपाळीत मागच्या दाराची किल्ली कुणाकडे? यापैकी एकाही प्रश्नाला ‘सगळेच बघतात’ हे उत्तर आले, तर कुणीच बघत नाही असे समजावे.

त्यातला सर्वात स्वस्त भाग म्हणजे एक वही. मागातून धोटा उडाला पण कुणाला लागला नाही, बोर्डातून जळका वास आला पण लगेच गेला, ओल्या फरशीवर पाय घसरला पण निभावले. अशा थोडक्यात टळलेल्या घटना लिहून ठेवायच्या आणि आठवड्यातून एकदा वाचायच्या. एकाच मागाचे नाव तिसऱ्यांदा आले तर दुरुस्ती त्याच दिवशी. अट एकच, नोंद करणाऱ्याचा पगार कापायचा नाही. नाहीतर वही कोरीच राहील.

कायदा काय सांगतो?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाली. तिच्यानुसार विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यासाठी २० कामगार लागतात. १९४८ च्या मूळ कारखाने कायद्यात हा आकडा १० होता. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती कारखान्यात ५०० कामगारांपासून आणि धोकादायक प्रक्रियांसाठी २५० पासून आहे. सोलापूरच्या सर्वसाधारण यंत्रमाग शेडच्या जवळपासही हा आकडा येत नाही. म्हणजे जिथे जाणता माणूस नाही, तिथेच तो नेमण्याची सक्तीही नाही. कायद्यातील ही सर्वात मोठी फट म्हणावी लागेल.

तरी लहान शेड पूर्णपणे मोकळी सुटत नाही. १० कामगार असलेली आस्थापना संहितेच्या कक्षेत येते. मालकाच्या कर्तव्यातील कसुरीमुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दंडातील किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आग प्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.

आगीशिवाय आणखी कोणते धोके?

बातमी आगीची होते, आजाराची होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात कामामुळे दर वर्षी सुमारे ३० लाख मृत्यू होतात. त्यातील सुमारे २६ लाख आजारांमुळे आणि ३ लाख ३० हजार अपघातांमुळे.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण चमत्कारिक आहे. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढे आठवडाभर त्रास कमी होत जातो. त्यामुळे कामगार त्याला दमणूक समजतो. आवाजाचे तसेच. आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबलची. आवाज ९५ वर गेला तर चार तास, १०० वर गेला तर दोनच तास. बारा तासांच्या पाळीत हे गणित कुठे बसते, ते यंत्रमागाच्या शेडमध्ये पाच मिनिटे उभे राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

मग खर्च परवडतो का?

महिना १५,००० रुपये वेतन असलेला ३० वर्षांचा कामगार कामावर दगावला आणि तो ईएसआयमध्ये नोंदलेला नसेल, तर कायद्यातील सूत्र असे : वेतनाच्या निम्मे, म्हणजे ७,५००, गुणिले वयानुसारचा गुणांक २०७.९८. भरपाई होते १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. विमा नसेल तर ती मालकाच्या खिशातून. ईएसआयचे मालकाचे अंशदान वेतनाच्या ३.२५ टक्के, म्हणजे याच कामगारामागे महिना ४८७ रुपये ५० पैसे. नोंदणी चुकवून होणारी ‘बचत’ एवढीच आहे. जळालेले माग, अडकलेली ऑर्डर आणि बंद शेडचे हप्ते यांचा हिशेब वेगळा.

सोलापुरात काय करता येईल?

एकट्या मागवाल्याला सुरक्षा अधिकारी परवडणार नाही, हे मान्यच. पण एकाच वसाहतीतील वीस-पंचवीस कारखान्यांनी मिळून एक प्रशिक्षित माणूस आणि एक परवानाधारक इलेक्ट्रिशियन ठेवणे अशक्य नाही. यंत्रमागधारकांच्या संघटना सूतदर आणि वीजदरासाठी एकत्र येतातच. बांगलादेशात २०१३ च्या राणा प्लाझा दुर्घटनेनंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांनी बंधनकारक करार केला, हजारांहून अधिक कारखान्यांची स्वतंत्र तपासणी झाली आणि बाहेर पडण्याच्या वाटांवरची कुलपे काढावी लागली. सोलापूरचा टॉवेलही परदेशी जातो. खरेदीदाराकडून हाच प्रश्न येण्याआधी इथल्या उद्योगाने उत्तर तयार ठेवलेले बरे.

कामगारांच्या हातातही काही आहे. गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा नजीकचा धोका वाटला तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा अधिकार संहितेने दिला आहे आणि मालकाला त्यावर तातडीने पावले उचलावी लागतात. तक्रार लेखी द्यावी, तारीख टाकावी आणि देण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा.