सासर युरोपचे, कागद भारताचे

नोएडा परिसरातील आमच्या शाखेत निवृत्तिवेतनासाठी नियमित येणारे एक मराठी गृहस्थ एका सोमवारी माझ्यासमोर येऊन बसले. हातात लेकीच्या लग्नाच्या कागदपत्रांची फाईल होती. "साहेब, लग्नाला सहा महिने झाले. जावई डब्लिनला आणि मुलगी अजून माझ्याच घरी. व्हिसाचा अर्ज परत आला. आमचे कुठे चुकले, ते तुम्ही तरी पाहा," ते म्हणाले.

जावई मूळचे गोव्यातील डिचोलीचे. वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमलातील गोव्यातला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तथापि त्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविण्याची वाट त्या देशाच्या कायद्याने खुली ठेवली. हजारो गोमंतकीयांनी ती चोखाळली. जावई त्यांपैकीच एक. अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने जावई युरोपीय ठरले आणि नोएडाची लेक झाली 'परदेशी पत्नी'!

अधिकार कोणाला?

युरोपीय संघाच्या २००४ सालच्या ३८ क्रमांकाच्या निर्देशानुसार, संघातील एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहावयास गेला, तर त्याच्या जोडीदारालाही, मग तो कोणत्याही देशाचा असो, सोबत राहण्याचा अधिकार मिळतो. प्रवेशासाठीचा व्हिसा विनामूल्य आणि त्वरेने द्यावा, असे हा निर्देश सांगतो. तीन महिन्यांहून अधिक राहावयाचे असल्यास त्या नागरिकाला नोकरी वा व्यवसाय असावा. नसल्यास निर्वाहापुरता पैसा आणि आरोग्यविमा असावा. जोडीदाराला अर्जापासून सहा महिन्यांत निवासपत्र मिळते. ते साधारणतः पाच वर्षांचे असते. त्यावर नोकरीही करता येते. सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क प्राप्त होतो.

यातील मेख ध्यानी घ्यावयास हवी. हा अधिकार दुसऱ्या देशात गेलेल्या नागरिकाचा आहे. पोर्तुगीज नागरिक आयर्लंडमध्ये राहत असेल तर हा निर्देश लागू होतो; तोच पोर्तुगालमध्ये राहत असेल तर पोर्तुगालचा स्वतःचा कायदा. म्हणूनच जर्मन पतीकडे जर्मनीत जाणाऱ्या भारतीय पत्नीला २००७ पासून सामान्यतः प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते, तर जर्मनीतच राहणाऱ्या फ्रेंच नागरिकाच्या भारतीय पत्नीला ती द्यावी लागत नाही.

एका भारतीयाचा खटला

या नियमाला महत्त्वाचे वळण देणाऱ्या निकालाशी एका भारतीयाचेच नाव जोडलेले आहे. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे ब्रिटिश तरुणीशी विवाह केला. १९८३ ते १९८५ या काळात दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग व्यवसायासाठी ते ब्रिटनला परतले. पुढे त्यांच्या वास्तव्याचा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे गेला. परदेशी काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला अन्य सदस्य देशात मिळाले असते त्याहून कमी हक्क देता येणार नाहीत, असा निर्णय ७ जुलै १९९२ रोजी झाला. असंख्य कुटुंबांना त्याचा आधार मिळाला.

ब्रिटन मात्र आता या व्यवस्थेत नाही. ३१ डिसेंबर २०२० नंतर तेथे जाणाऱ्या जोडप्यांना ब्रिटनचेच नियम लागू होतात. तेथे जोडीदाराला बोलाविण्यासाठीची उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये वार्षिक १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेण्यात आली.

एक मुलगी, तीन नावे

आता त्या फाईलकडे वळू. विवाह खरा, अधिकार स्पष्ट. मग अडले कोठे? पासपोर्टवर मुलीचे माहेरचे नाव व वडिलांचे नाव. विवाह प्रमाणपत्रावर, आपल्याकडील प्रथेप्रमाणे लग्नात ठेवलेले नवे नाव, पतीचे नाव व सासरचे आडनाव. आणि आमच्याच बँकेच्या खात्यावर माहेरचे नाव, पण सासरचे आडनाव! आपल्या घरी या तिन्ही नावांची मुलगी एकच असते. कागद तपासणाऱ्या परक्या अधिकाऱ्याला मात्र तीन स्त्रिया दिसल्या.

दुसरी चूक प्रमाणीकरणाची. भारत २००५ मध्ये 'अपोस्टिल' करारात सहभागी झाला. परराष्ट्र मंत्रालयाच्या या मोहोरेपूर्वी, दस्तऐवज ज्या राज्यात तयार झाला त्याच राज्याच्या नियुक्त अधिकाऱ्याची साक्ष लागते. विवाहाची नोंदणी नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात झाली होती आणि ही मंडळी प्रमाणपत्र घेऊन दिल्लीतील कार्यालयात हेलपाटे घालीत होती. राजधानी परिसरात राहणाऱ्या आपणांस दिल्ली, नोएडा, गुरुग्राम हे एकच गाव वाटते. कागदोपत्री ती दोन राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश यांत विभागलेली आहेत.

सर्व कागदांवर एकच नाव आणण्यात व योग्य शिक्के मिळविण्यात आणखी चार महिने गेले. नवविवाहित दांपत्याचे हे चार महिने कोणत्याही खात्यात जमा होत नाहीत.

ग्राहकांनी काय करावे?

• विवाहनोंदणीपूर्वीच कोणते नाव ठेवावयाचे ते ठरवून पासपोर्ट, आधार, पॅन व बँक खाते यांवर तेच नोंदवावे.

• विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार विवाह करावयाचा असल्यास ३० दिवसांची नोटीस लागते. प्रवासाची तारीख त्या हिशेबाने ठरवावी.

• खात्याचा उतारा शाखेच्या शिक्क्यासह घ्यावा. अर्जाच्या तोंडावर उसनी रक्कम भरून शिल्लक फुगवू नये. ती शंकेलाच निमंत्रण देते.

• भारतीय कागदपत्रांविषयी सर्व युरोपीय देशांची पद्धत एकसारखी नाही. संबंधित दूतावासाची चालू यादी स्वतः वाचावी. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये.

• परदेशी वास्तव्य सुरू होताच बँकेस कळवून निवासी बचत खाते एनआरओ खात्यात रूपांतरित करून घ्यावे.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ पुन्हा आले. या खेपेस फाईल नव्हती, केवळ एक फॉर्म होता. लेकीचे खाते एनआरओ करावयाचे होते. नावाच्या रकान्यावर बोट ठेवून ते हसत म्हणाले, "साहेब, तपासून घ्या. सगळीकडे आता एकच आहे."